बंदरावर ‘येतो’ म्हणायचं नाही

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायची असती, तर शेवट तरी माझ्या मनासारखा केला असता.

मी जागृती. खोपोलीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, राहते कर्जतला. घरात आई आहे, भीमाबाई. आणि सुमित होता. माझा धाकटा भाऊ.

मागच्या वर्षीचा एप्रिल. गुरुवार, दिवेलागणीची वेळ. जागा खालापूर तालुक्यातली, पाताळगंगेच्या काठावरची.

गावाचं नाव मी देत नाही. तिथल्या लोकांना त्रास नको. आणि तुमच्यातल्या हौशी मंडळींनी गाड्या काढून तिकडे जावं, असंही मला वाटत नाही.

आधी आमच्या घराबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचं बौद्ध घर. देव नाहीत, अंगारे-धुपारे नाहीत, भूत तर नाहीच नाही. लहानपणी मी एकदा म्हणाले, त्या चिंचेवर हडळ आहे. आईने आधी एक धपाटा दिला. मग हाताला धरून चिंचेखाली नेऊन उभी केली.

"बघ. दिसली का? नाय ना? मग आता चिंचा वेच."

अशी माझी आई.

पण तिची एक गोष्ट होती. एकच.

घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही. ‘येतो’ म्हणायचं.

तसं आपल्याकडे सगळेच म्हणतात. पण आईची ती नुसती पद्धत नव्हती, धास्ती होती. आमचे बाबा घाटात रेल्वेच्या कामावर होते. एका सकाळी घाईघाईत ते "जातो गं" म्हणाले आणि निघाले. त्या दिवशी ठाकुरवाडीच्या वर दरड कोसळली.

त्यानंतर आमच्या तोंडून चुकून ‘जाते’ निघालं, तरी आई उंबऱ्यातून परत बोलवायची. घोटभर पाणी प्यायला लावायची. "नीट बोल. येते म्हन."

सुमितची तर जीभच तशी वळली होती. दुकानदाराला येतो. एसटीच्या कंडक्टरला येतो. एकदा राँग नंबर आला, तोसुद्धा त्याने "चला, येतो" म्हणून ठेवला. मी पोट धरधरून हसले होते.

आता ते आठवलं की हसू येत नाही. रडूही येत नाही. नुसतं आठवतं.

सुमित पोकलेन चालवायचा. त्या एप्रिलमध्ये त्याला नदीकाठचं एक काम मिळालं. मुंबईच्या कुणा शेठने तिथे जमीन घेतली होती. रिसॉर्ट, बोटिंग, छोटी जेट्टी, असा बेत. गाळ काढायचा आणि नदीचा काठ मोकळा करायचा, एवढंच सुमितचं काम.

त्या जागेला बंदर म्हणतात. समुद्र तिथून चांगला लांब. आजूबाजूला भातशेती, वीटभट्ट्या, पलीकडे कारखान्यांची धुराडी. साइटवरचा वॉचमन उत्तर प्रदेशातला. तो बिचारा पहिल्या दिवशी हातात काठी घेऊन झाडांकडेच बघत बसला होता.

"बंदर बोलते हैं, एक भी बंदर नहीं दिखा," असं त्याने सुमितला सांगितलं. सुमितने ते मला फोनवर सांगितलं, आणि आम्ही दोघं हसलो.

पण ते खरंच बंदर होतं. कधीकाळी.

तेव्हा भरतीचं पाणी तिथवर चढायचं. खालून पडाव यायचे, म्हणजे मालाच्या मोठ्या होड्या. मीठ, सुकी मासळी, नारळ उतरायचे. घाटावरून बैल तांदूळ-गूळ घेऊन खाली यायचे, तो माल भरला जायचा. धक्का होता, पायऱ्या होत्या, रात्री दिवा लागायचा. माणसांचीही ये-जा होती.

मग घाटातून रेल्वे निघाली. नदी गाळाने भरत गेली. भरती यायची थांबली.

हे सगळं सुमितला सोनुबाईने सांगितलं. काठावरच्या आळीत तिचं घर. तिच्या आजेसासऱ्यापर्यंत घरात होड्या होत्या, आता नातू कारखान्यात जातात. सुमित तिच्याच पडवीत राहायचा. तिच्या हातची भाकरी खायचा आणि तिला मावशी म्हणायचा.

पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन आला.

"ताई, इथे सगळं उलटं आहे. बायका कपडे धुवून निघाल्या ना, की नदीकडे तोंड करतात आणि मोठ्याने म्हणतात, जाते! पोरंसुद्धा. जातो, जातो! आपली आई इथे आली, तर एकेकाला पाणी पाजता पाजता दमेल."

"तू काय म्हणतोस?"

"मी कशाला काय म्हणू? मी पोकलेनवाला."

तेवढंच बोलणं झालं.

त्या गुरुवारी त्याच्या बकेटला दगड लागला. घडीव दगड. गाळ उपसत गेला तशा एकेक पायऱ्या उघड्या पडल्या. थेट नदीत उतरणाऱ्या. बाजूला होडी बांधायचा दगडी खांब. दोराने घासून घासून त्याला कमरेशी खाच पडलेली.

संध्याकाळी त्याने मशीन बंद केलं. वॉचमन चहाला गेला होता.

शेवटच्या पायरीवर कुणीतरी बसलं होतं…

म्हातारा माणूस. उघडा, कमरेला पंचा, डोक्याला फडकं. पाठमोरा. आळीतलाच कुणीतरी असेल, असं सुमितला वाटलं. जुन्या पायऱ्या निघाल्या म्हणून बघायला आला असेल.

म्हातारं माणूस एकटं बसलंय. न बोलता कसं निघायचं?

म्हणून सुमित म्हणाला, "येतो हां, मामा."

म्हाताऱ्याने मान वळवली नाही.

पण बोलला.

"ये. जागा धरून ठेवतो."

हे सुमितने मला त्याच रात्री फोनवर सांगितलं. हसतच सांगितलं. "काय पण म्हातारा! नदीवर जागा धरतोय, रुमाल टाकून."

मीही हसले.

शुक्रवारी त्याचा फोन आला, तेव्हा तो हसत नव्हता.

"ताई, मशीन बंद केलं ना, की आवाज येतो."

"कसला?"

"लाकडाचा. दगडावर लाकूड हळूच आपटतं ना, तसा. ठक… ठक… मध्ये थांबतो, परत ठक. पायऱ्यांपाशी येतो. पण तिथे चिखलाशिवाय काही नाही गं."

"वरच्या वीजघराचं पाणी नदीत सुटलं असेल. ओंडका अडकला असेल."

"मी पण तेच म्हटलं. उतरून बघून आलो. काही नाही."

मग आवाज खाली आणून म्हणाला,

"अजून एक. इथे संध्याकाळी बेडूक केवढे ओरडतात. टिटवी ओरडते. कालपासून सगळं बंद आहे. मावशीचा कुत्रा माझ्याबरोबर रोज यायचा, तो आता कुंपणापाशीच बसतो. बोलावलं तरी येत नाही. नुसता बघतो. माझ्याकडे नाही… माझ्या मागे."

मी म्हटलं, जेव आणि झोप. दुसरं काय म्हणणार? मी भूत न मानणारी बाई.

शनिवारी सकाळी त्याच्या गमबुटांवर पांढरी रेघ होती. घोट्याच्या वर, सरळ. ओल वाळल्यावर उरते तशी. त्याने बोट लावलं. जिभेला लावलं.

मीठ.

पाताळगंगेचं पाणी तिथे गोडं आहे. लोक ते पितात.

तेव्हा त्याने सोनुबाईला सगळं सांगितलं. तिने एकच प्रश्न विचारला.

"निघताना काय म्हनलास?"

"येतो म्हणालो, मावशी."

सोनुबाई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपली, तरी तिने उलटली नाही. मग म्हणाली, "घरचं मानूस बोलावून घे. एकल्यानं पायरीवर जाऊ नको."

रविवारी मी गेले.

ऊन होतं. चार वाजले असतील. सोनुबाईने पाणी दिलं, गूळ दिला. ती घाबरलेली दिसत नव्हती. दुखणाईताला बघायला आल्यासारखी हळू बोलत होती.

"पोरी, आमच्यात असं सांगतात," ती म्हणाली. "इथल्या शेवटच्या होडीचा तांडेल, होडी हाकणारा, लई सरळ मानूस. होडी सुटायच्या आदी तो वरच्या आळीत फिरायचा. दारादारात इचारायचा, येतो का रं? ज्यानं येतो म्हटलं, त्याची जागा धरायचा. ती जागा दुसऱ्याला नाय द्यायचा. तो मानूस येईस्तोवर होडी सोडायचा नाय. ओहोटी लागली तरी नाय."

"मग?"

"मग आगगाडी आली. लोक गाडीनं जाया लागले. पन शेजारचा मानूस दारात येऊन इचारतोय, त्याला तोंडावर नाय कसं म्हनायचं? लोक म्हनायचे, येतो, येतो. हो म्हनायचे आन् मागच्या दारानं गाडीला जायाचे."

तिने नदीकडे बघितलं.

"तो जागा धरून बसला. भरती गेली, पानी गेलं, गाळ आला. तो बसूनच हाय. म्हनून आमी जातो म्हनतो. नाय यायचं तर सरळ सांगायचं. त्याला फसवायचं नाय."

मला राग आला. खरंच आला. एवढा शिकलेला माझा भाऊ, हातात लाखोंचं मशीन, आणि एका शब्दाला घाबरून बसलेला. पण मग त्याचा चेहरा बघितला. तो तीन दिवसांत उतरला होता.

"काय करायचं?" मी विचारलं.

"पायरीवर उभं राहून जातो म्हनायचं. मोठ्यानं. आन् वळून न बघता वर यायचं. तू हात धर."

एवढंच करायचं होतं.

आम्ही तिघं खाली गेलो. कुत्रा कुंपणापाशी थांबला. नदी उन्हात चमकत होती, पाणी घोट्याएवढंच. पायरीवर कुणी नव्हतं.

पण वास येत होता. अलिबागला उतरलं की येतो तो. खारा, ओल्या दोराचा.

सुमित शेवटच्या पायरीवर उभा राहिला. मी त्याचा डावा हात घट्ट धरला. त्याच्या तोंडातून शब्द निघेना. इतकी वर्षं आईने त्याच्या जिभेवर दगड ठेवला होता. ओठ हलायचे आणि परत मिटायचे.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. आईचा. आम्ही कधी निघतोय ते विचारायला. त्याने घाईत कट करायला बोट लावलं. बोटाला चिखल. कट झाला असं त्याला वाटलं, मलाही वाटलं, आणि त्याने फोन परत खिशात टाकला.

मग त्याने श्वास घेतला.

"जातो, मामा."

स्पष्ट म्हणाला. मोठ्याने.

वास गेला. एकदम गेला. कुठेतरी एक बेडूक ओरडला. माझ्या मागे सोनुबाईने सोडलेला श्वास मला ऐकू आला. सुटलो, असं मला वाटलं.

आणि सुमितच्या खिशातून आईचा आवाज आला…

"काय म्हनलास?"

फोन चालू होता, स्पीकरवर.

"सुमित! कुठं जातोस? काय म्हनलास तू? जातो म्हनलास? तुझा बाप असाच म्हनला व्हता रं!"

आई रडत होती. बाबा गेल्यानंतर मी तिला रडताना ऐकलं नव्हतं.

"आदी येतो म्हन! सुमित, येतो म्हन!"

मी त्याचा हात ओढला. सोनुबाई वरून "नको, नको" म्हणाली. पण आई रडतेय म्हटल्यावर त्याला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. त्याने फोन कानाला लावला.

तिथेच. पायरीवरच उभा राहून.

"रडू नको गं आई. येतो. येतो ना. आत्ता येतो."

बेडूक थांबला.

ठक…

अगदी जवळ. आमच्या पायांखाली.

मी खाली बघितलं. आम्ही उतरलो तेव्हा कोरडी असलेली पायरी पाण्याखाली गेली होती. सोनुबाई मागे फिरली होती, तोंडाला पदर लावून.

मी त्याला ओढत वर आणलं. सामान घेतलं. एक टेंपो खोपोलीला निघाला होता, त्यात बसलो. टेंपो हमरस्त्याला लागल्यावर तो म्हणाला,

"ताई, त्या दिवशी तो म्हातारा बसलेला होता ना…"

"हं."

"आता उभा राहिलाय."

आईला आम्ही सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "असलं काय नसतं," म्हणाली. पण त्या दिवसापासून ती सुमितकडे टक लावून बघत राहायची.

घरी त्याला काहीच झालं नाही. ताप नाही, बडबड नाही. झोपायचा, उठायचा, मोबाइल बघायचा. दुसरं काम शोधतो म्हणायचा.

फक्त जेवण. पहिला घास घेतला की म्हणायचा, खारट झालंय.

आईने मीठ कमी केलं. मग त्याच्यापुरतं घालणंच बंद केलं.

तरी खारट.

मे महिन्यात एका संध्याकाळी तो दूध आणायला निघाला. कोपऱ्यावरच दुकान. चपला घातल्या, पिशवी घेतली. आई ओट्याशी होती.

"येतो गं," तो म्हणाला.

"ये," आई म्हणाली.

तो आला नाही.

दुधाची पिशवी सापडली कर्जतलाच, उल्हास नदीच्या काठावर. न फुटलेली, नीट ठेवलेली. शेजारी चपला, जोडीने. मोटारसायकल दारातच होती. रात्रभर आमच्या आळीतली पोरं बॅटऱ्या घेऊन उल्हासचा काठ शोधत होती.

सुमित सापडला दुसऱ्या दिवशी. तिकडे. बंदराच्या शेवटच्या पायरीवर.

पाण्यात बुडून गेला, असं डॉक्टर म्हणाले. पाणी तिथे घोट्याएवढं होतं.

दोन्ही बाजूंना ओला गाळ. त्यात कुत्र्याच्या पावलाचासुद्धा ठसा नव्हता. त्याचे तळपाय स्वच्छ होते. तो गावातून चालत आलेला कुणी बघितला नाही. कसा आला, ते कुणालाच सांगता आलं नाही.

मी एवढंच सांगते. कर्जतची नदी उल्हास. ती कल्याणकडे जाते. बंदराची नदी पाताळगंगा. ती धरमतरच्या खाडीकडे जाते. या दोन नद्या जमिनीवर कुठेच भेटत नाहीत. भेटायच्याच असतील, तर समुद्रातच.

त्याचे कपडे मला प्लास्टिकच्या पिशवीत मिळाले. शर्ट वाळून कडक झाला होता. घडीवर पांढरी पूड. मी लॅबमध्ये काम करते, असल्या वस्तूला तोंड लावायचं नसतं हे मला कळतं.

मी जिभेला लावली.

नंतर जलदान विधी झाला. वंदना झाली, नातेवाईक जेवून गेले. आई एका जागी बसून होती. लोक गेल्यावर म्हणाली, "मला ती पायरी बघायची हाय."

मी नको म्हटलं. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही, नुसती चपला घालून दारात उभी राहिली. मग नेलं.

रिसॉर्टचं काम बंद पडलं होतं. पोकलेन नव्हतं. सोनुबाईने आईला जवळ घेतलं. आई पायऱ्या उतरून शेवटच्या पायरीवर बसली. हाताने दगड चाचपत राहिली. त्या खांबाच्या खाचेवरून बोट फिरवत राहिली.

मी तिच्या शेजारी उभी होते. मला काहीच वाटत नव्हतं. बधिर म्हणतात तसं. ऊन लागत होतं, एवढंच कळत होतं.

निघायची वेळ झाली. सोनुबाई वरून हळूच म्हणाली,

"ताई, जाते म्हना. पोरी, तू पन म्हन."

मी म्हणाले. "जाते."

आई उठली. पदर नीट केला. पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. ज्या बाईने मला चिंचेखाली उभं केलं होतं, ती माझी आई.

तिला तो शब्द माहीत होता. त्याने काय होतं तेही माहीत होतं.

"येते रं, सुमित," ती म्हणाली. "माजी जागा धर."

आवाज आला नाही. पाणी चढलं नाही. काहीच झालं नाही. आम्ही घरी आलो.

त्याला आता बरेच महिने झाले. आई ठीक आहे. कपडे वाळत घालते, टीव्ही बघते, शेजारणीशी बोलते. कामाला निघताना मी काहीच म्हणत नाही. ‘येते’ही नाही, ‘जाते’ही नाही. नुसती दार ओढून घेते. आईही मला परत बोलवत नाही. तिची ती धास्ती आता गेली आहे, आणि याचीच मला जास्त भीती वाटते.

आज रविवार. वरण मीच केलं होतं. आईने एक घास घेतला आणि ताट जरा पुढे सरकवलं.

"खारट झालंय गं," ती म्हणाली.

मी चाखून बघितलं. मीठ घालायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं.

"हो आई," मी म्हणाले, "जरा जास्तच पडलं."

आणि तसंच जेवले.